साडेचार लाखांचा एसपी-१२०० घ्यावा का?

तुमचा प्रश्न थोडक्यात असा: तुम्ही कोथरूडला राहता, नोकरी सांभाळून मराठी हिप-हॉपचे बीट्स बनवता, सगळं काम लॅपटॉपवर चालतं. पुण्यातला एक जुना जिंगल स्टुडिओ बंद होतोय आणि तिथला ईम्यू कंपनीचा एसपी-१२०० (आवाजाचे तुकडे साठवून पॅडवर वाजवायचं जुनं सॅम्पलर यंत्र) विकायला निघालाय. मालक साडेचार लाख म्हणतात. ‘हा आवाज दुसरीकडे कुठे मिळत नाही’ असं तुम्हाला तिघांनी सांगितलंय. ही किंमत रास्त आहे का?

मी पुण्यात वीस वर्षांहून जास्त काळ रेकॉर्डिंग करते आणि स्टुडिओच्या मागच्या खोलीत जुने कीबोर्ड, ऑक्टोपॅड, सॅम्पलर दुरुस्त करते. एसपी-१२०० माझ्या टेबलावर दोनदा आला. दुसऱ्या वेळी मालकांच्या परवानगीनं मी तो तीन महिने रोज वापरला. त्यामुळे या यंत्राबद्दल मला प्रेमही आहे आणि त्याची दुखणीही माहीत आहेत.

‘रास्त किंमत’ या शब्दात तुम्ही चार वेगवेगळ्या गोष्टी एकत्र बांधल्या आहेत. आवाज, काम करायची पद्धत, यंत्राचं नाव, आणि समोर ठेवलेल्या त्या एका नगाची तब्येत. त्या सुट्या केल्याशिवाय साडेचार लाख जास्त की कमी हे कुणालाच सांगता येणार नाही. तुमची मिळकत, घरातली जबाबदारी, कर्ज काढावं लागणार का, यावरही बरंच अवलंबून आहे. ते मला माहीत नाही, म्हणून मी विचार कसा करते तेवढं सांगते.

आधी आवाज. एसपी-१२०० बाजारात आला १९८७ साली. आवाज १२ बिटमध्ये, सेकंदाला २६,०४० नमुने या वेगानं साठवतो. याचा अर्थ साधारण १३ किलोहर्ट्झच्या वरचं काही त्यात शिरतच नाही. ढोलकीच्या शाईवरच्या कडक ‘टी’ला जी वरची चमक असते, तिचा शेंडा इथे छाटला जातो. एवढंच असतं तर लॅपटॉपवर एक फिल्टर लावून भागलं असतं. खरी गंमत पिच, म्हणजे आवाजाची पट्टी, खाली आणताना होते. आजचं सॉफ्टवेअर दोन नमुन्यांमधली जागा हिशेब करून गुळगुळीत भरतं. हे यंत्र तसं काही करत नाही, आहे तोच नमुना पुन्हा वाजवतं. त्यातून मूळ आवाजात नसलेल्या वरच्या कंपनांची एक धातूसारखी किनार तयार होते. मी हलगी रेकॉर्ड करून ती वेग वाढवून यंत्रात घेतली आणि आत पिच खाली उतरवली, तेव्हा त्या कडकडाटाच्या मागे एक बारीक झंकार आला. हलगीत तो नव्हता, खोलीतही नव्हता. मी तो आवाज पुढे दोन कामांत वापरला.

दुसरा भाग फिल्टरांचा. यंत्राला आठ आउटपुट आहेत आणि ते सारखे नाहीत. १ आणि २ वर एसएसएम २०४४ ही अॅनालॉग फिल्टरची चिप आहे, ती ठोक्याबरोबर उघडते आणि मिटत जाते. ३ ते ६ वर कायमचे ठरलेले फिल्टर आहेत. ७ आणि ८ वर फिल्टर नाहीच, सगळी खरखर जशीच्या तशी बाहेर. म्हणून जाणकार लोक बास आणि किक (ड्रमचा जड ठोका) पहिल्या दोनांत टाकतात आणि हाय-हॅट (झांजेचा बारीक आवाज) शेवटच्या दोनांत. तुम्ही सगळं एका मिक्स आउटपुटमधून काढून लॅपटॉपमध्ये घेणार असाल, तर ज्या गोष्टीचे पैसे देताय तिचा मोठा भाग हाताळायची सोय तुम्ही सोडून देताय. आठ आउटपुट वेगळे घ्यायला आठ इनपुटांचा ऑडिओ इंटरफेस, म्हणजे बाहेरचा आवाज लॅपटॉपमध्ये घेणारं उपकरण, लागतो. तुमच्याकडे तो आहे का, हे प्रश्नात नव्हतं. नसेल तर तो खर्च याच हिशेबात धरा.

‘हा आवाज दुसरीकडे मिळत नाही’ हे मात्र आता खरं नाही. इनफॉनिकचं आरएक्स१२०० नावाचं प्लगइन, म्हणजे लॅपटॉपवर चालणारं सॉफ्टवेअर, याच यंत्राची नक्कल करतं. अकाई कंपनीच्या एमपीसी नावाच्या सॅम्पलरांपैकी अलीकडच्या यंत्रांमध्ये एसपी-१२०० आणि एमपीसी-६० यांच्या धर्तीचा व्हिंटेज मोड आहे. आयला इन्स्ट्रुमेंट्सचा एस२४०० तर याच घराण्यातलं नवं यंत्र म्हणून ओळखला जातो. मी मूळ यंत्र आणि प्लगइन शेजारी ठेवून ऐकलं आहे. फरक होता, विशेषतः पहिल्या दोन आउटपुटांचा फिल्टर मिटताना. तयार गाण्यात, वर आवाज आणि खाली बास असताना, तो फरक मला प्रत्येक वेळी ओळखता आला नाही. माझे कान या कामात मुरलेले आहेत तरीही. त्यामुळे फक्त आवाजासाठी कुणी साडेचार लाख देत असेल तर मी त्याला थांबवते.

आता काम करायची पद्धत. माझ्या मते या यंत्राचा खरा जीव इथे आहे, म्हणून थोडं सविस्तर सांगते. एकूण सॅम्पलिंगची वेळ १० सेकंद. एक आवाज जास्तीत जास्त अडीच सेकंदांचा. गणित करून बघा. ९० बीपीएमला (मिनिटाला ९० ठोके) चार मात्रांचा एक बार २.६७ सेकंदांचा होतो, म्हणजे तो एका पॅडवर मावतच नाही. ९६ बीपीएमला बरोबर अडीच सेकंद होतात, तिथे जेमतेम बसतो. न्यूयॉर्कच्या निर्मात्यांनी यावर युक्ती काढली: मिनिटाला ३३ फेऱ्यांची तबकडी ४५ च्या वेगावर लावायची, वाढलेल्या वेगात सॅम्पल घ्यायचं आणि यंत्रात पिच पाच-सव्वापाच स्वर, म्हणजे सेमीटोन, खाली आणायचा. २.६७ सेकंदांचा बार १.९८ सेकंदांत बसतो. आणि पिच खाली आणला की मघाशी सांगितलेली ती धातूची किनार आपोआप येते. लोक ज्याला ‘एसपीचा आवाज’ म्हणतात तो मेमरी वाचवण्याच्या खटपटीतून जन्मला. यंत्राची आख्खी मेमरी हिशेबानं चारशे केबीच्याही आत आहे. तुमच्या फोनमधला एक फोटो याच्या कितीतरी पट मोठा असतो.

ही टंचाई कामावर काय परिणाम करते ते मी स्वतः अनुभवलं. लॅपटॉपवर मी ढोलकीच्या चाळीस टेकपैकी चाळीसही ठेवते. इथे पहिल्या आठवड्यातच मला ठरवावं लागलं की घुमारा किती लांब ठेवायचा, कारण घुमाऱ्याची शेपटी अर्धा सेकंद वाढली की तेवढा स्नेअर ड्रमचा आवाज कमी. पडदा म्हणजे अक्षरांच्या दोन ओळी, वेव्हफॉर्म, म्हणजे आवाजाची आकृती, दिसत नाही. आवाज कुठे कापायचा ते कानानं ठरवायचं. तीन महिन्यांत माझी कापायची सवय बदलली आणि ती यंत्र परत दिल्यावरही टिकली.

पण हीच पद्धत तुमच्या संगीताला मारकही ठरू शकते, आणि हे तुम्हाला त्या तिघांपैकी कुणी सांगितलं नसावं. एसपी-१२०० तालाचा एक ठोका २४ भागांत मोजतो. ९० बीपीएमला एक भाग जवळपास २८ मिलिसेकंदांचा होतो. रॉजर लिन यांनी अकाईसाठी रचलेला १९८८ चा एमपीसी-६० त्याच ठोक्याचे ९६ भाग करतो, म्हणजे सात मिलिसेकंदांच्या आसपास. लावणीचा ढोलकीवाला समेच्या किंचित मागे रेलतो ना, ते रेलणं बऱ्याचदा २८ मिलिसेकंदांपेक्षा कमी असतं. तुम्ही पॅडवर ते हातानं वाजवलं तर यंत्र ते जवळच्या खणात ढकलून देतं. बूम-बॅप या जुन्या धाटणीच्या हिप-हॉपला हा ठोकळेबाजपणा शोभतो, त्याला चाल येते. तुम्ही प्रश्नात ‘ढोलकी आणि संबळ वापरून बीट्स’ असं लिहिलंय, म्हणून हे मुद्दाम सांगते. तुम्ही जिवंत वादनाचे लूप कापून वापरत असाल तर अडचण नाही, कारण तो रेलणारा ठोका सॅम्पलच्या आतच असतो. एकेक ठोका पॅडवर वाजवून ताल बांधणार असाल तर मला एमपीसी-६० किंवा त्याच्या पुढची पिढी जास्त योग्य वाटते.

नावाबद्दल फार लिहीत नाही. संग्राहक नावाचे पैसे देतात आणि त्यात गैर काही नाही. तुम्ही संग्राहक नाही. एक आकडा मात्र लक्षात ठेवा: ईम्यूचे सहसंस्थापक डेव्ह रॉसम यांनी स्वतः २०२१ मध्ये एसपी-१२०० पुन्हा बनवून विकायला काढला तेव्हा त्याची किंमत ३,९९९ डॉलर होती. त्या वेळच्या दरानं साधारण तीन लाख, वर भाडं आणि कस्टम. त्यात फ्लॉपीऐवजी एसडी कार्ड आहे. मूळ शोधकर्त्याच्या हातचं नवं यंत्र जर या भावानं निघालं असेल, तर जुन्या नगासाठी त्याहून जास्त मागणाऱ्यानं तो जादा पैसा कशाचा हे दाखवायला हवं. सगळं सुरळीत चालतं, आतून स्वच्छ आहे, मूळ डिस्क आणि मॅन्युअल आहे, अलीकडे दुरुस्ती झाली आहे आणि तिची पावती आहे. असं काही.

म्हणजे प्रश्न शेवटी त्या एका नगाच्या तब्येतीवर येतो. इथे माझा स्वतःचा एक फटका सांगते. २००९ मध्ये मी मुंबईतल्या एका विक्रेत्याकडून अकाईचा एस९५० सॅम्पलर घेतला. दुकानात पाच मिनिटं चालवून दाखवला, छान वाजला, मी पैसे मोजले. घरी चाळीस मिनिटं चालू ठेवल्यावर दोन आउटपुटांत तडतड सुरू झाली. गरम झाल्यावरच दिसणारा बिघाड होता. विक्रेत्यानं हात वर केले. तेव्हापासून मी कुठलंही जुनं यंत्र निदान तासभर चालू ठेवल्याशिवाय घेत नाही आणि कुणाला घेऊ देत नाही.

तुम्ही बघायला जाल तेव्हा प्लग लावण्याआधी मागची पट्टी वाचा. नग अमेरिकेतून आलेला असेल तर तो १२० व्होल्टचा असू शकतो. आपल्या २३० व्होल्टच्या सॉकेटमध्ये तो थेट लावला तर पॉवर सप्लाय जळतो. माझ्याकडे असे जळलेले सॅम्पलर आले आहेत, त्यातला एक तर फक्त ‘चालतो का बघू’ म्हणून लावला होता. स्टेप-डाऊन ट्रान्सफॉर्मर बुधवार पेठेत पासोड्या विठोबाच्या परिसरात मिळतो. पट्टीवर जितके वॅट लिहिलेत त्याच्या दुप्पट क्षमतेचा घ्या. आणि मालकांना विचारा की इतकी वर्षं त्यांनी यंत्र कशावर चालवलं. उत्तर देताना ते अडखळले तर ती माहितीच आहे.

मग झाकण उघडायची परवानगी मागा. पुण्याच्या पावसाळ्यात बंद खोलीत राहिलेल्या यंत्रांच्या आत मला बहुतेक वेळा तीन गोष्टी दिसतात. कनेक्टरांवर हिरवट गंज, फुगलेले किंवा तळाशी ओल सोडलेले कपॅसिटर, आणि फ्लॉपी ड्राइव्हच्या हेडवर बुरशीची पांढरी साय. तिन्ही दुरुस्त होतात. पण बुरशी लागलेली फ्लॉपी तपासणीच्या नावाखाली ड्राइव्हमध्ये घालू नका. ती हेडला घासते आणि पुढच्या चांगल्या डिस्कही खराब करते. स्वतःच्या दोन स्वच्छ डिस्क घेऊन जा, तिथे काहीतरी सॅम्पल करा, सेव्ह करा, यंत्र बंद करा, पुन्हा चालू करून लोड करा. हे आवश्यक आहे, कारण वीज गेली की मेमरीतलं सगळं पुसलं जातं. ड्राइव्ह चालत नसेल तर त्या यंत्रावर तुम्ही केलेलं काम दुसऱ्या दिवशी उरणार नाही. फ्लॉपीच्या जागी यूएसबी किंवा कार्डावर चालणारा एमुलेटर बसवता येतो, मी बसवून दिले आहेत, आणि मालकांनी तो आधीच बसवला असेल तर मी त्याला दोष न मानता गुण मानते.

आवाज तपासताना एकच किक घ्या आणि ती आळीपाळीनं आठही आउटपुटांवर पाठवून हेडफोनवर ऐका. पहिल्या दोनांत ठोका मिटत जाताना गडद व्हायला हवा. दोघांपैकी एकात तो मिटलाच नाही किंवा आवाज फार बारीक आला, तर फिल्टरच्या चिपवर संशय घ्या. एसएसएम २०४४ फार पूर्वी बनायची बंद झाली. तिचीच सुधारलेली आवृत्ती एसएसआय २१४४ या नावानं आता मिळते, तीही रॉसम यांच्याच रचनेची. पण ती जशीच्या तशी जुन्या जागी बसत नाही, जोडकाम करावं लागतं, आणि ते कुठल्याही टीव्ही दुरुस्तीवाल्याचं काम नाही. आठही पॅड हळू आणि जोरात वाजवून बघा, आठही स्लायडर सावकाश वर-खाली करा. पॅड किंवा बटण दोनदा लागत असेल, स्लायडर मध्येच उडी मारत असेल, तर ते सुटे भाग बदलण्याचं काम आहे, घाबरण्याचं नाही. शेवटी काहीही न वाजवता आवाज मोठा करा. घूं-घूं ऐकू आली तर आधी त्या जागेचं अर्थिंग तपासा. पेठांतल्या जुन्या वाड्यात अर्थिंग नसणं नवीन नाही, त्याचं खापर यंत्रावर फोडू नका.

मी वजाबाकी कशी करते ते सांगते, आकडे माझ्या अंदाजाचे आहेत. कपॅसिटर, बटणं, साफसफाई असं नेहमीचं काम बाकी असेल तर २५ ते ३० हजार कमी. ड्राइव्ह बंद असेल तर आणखी १५. फिल्टरच्या एका आउटपुटात दोष असेल तर मी निदान ६० हजार उतरवायला सांगते, कारण तो भाग गेला तर मूळ यंत्र घेण्याचं मुख्य कारणच जातं. तासभर चालवूनही सगळं स्वच्छ निघालं, तर माझ्या लेखी हे यंत्र तीन ते सव्वातीन लाखांचं आहे, आणि त्यातही रोज वापरणाऱ्यासाठी. साडेचार मला जास्त वाटतात. मालकांशी बोलताना रॉसमच्या नव्या यंत्राचा आकडा शांतपणे पुढे ठेवा. बंद होणाऱ्या स्टुडिओला जागा रिकामी करायची घाई असते, आणि पुण्यात या वस्तूचं गिऱ्हाईक दुसऱ्या दिवशी दारात उभं राहत नाही. हीच गोष्ट उद्या तुम्हाला विकताना आड येईल, तेव्हा ‘कधीही विकून पैसे मोकळे करू’ या भरवशावर घेऊ नका.

कर्जाचा विचार असेल तर हेही बघा: साडेचार लाख १२ टक्क्यांनी तीन वर्षांसाठी घेतले तर महिन्याला सुमारे १५,००० हप्ता बसतो. बीट्समधून तुम्हाला महिन्याला सातत्यानं तेवढे येत असतील तर गोष्ट वेगळी. येत नसतील तर ते यंत्र प्रत्येक महिन्याच्या पाच तारखेला तुमच्याकडे बघत बसेल, आणि मोकळ्या मनानं संगीत करायची जी उमेद आहे तीच ते खाईल. माझ्या ओळखीच्या एका तरुणाचं असंच झालं आणि ते बघताना मला फार वाईट वाटलं. त्याचा कान चांगला होता.

म्हणून निर्णयाआधी एक महिना एवढं करा. यासाठी फारसा खर्च लागत नाही. तुमच्या लॅपटॉपवर स्वतःला एसपी-१२०० चे नियम लावून घ्या. एका बीटमध्ये सगळे आवाज मिळून १० सेकंद, एकेक अडीच सेकंदांच्या आत, एका वेळी फक्त आठ आवाज, तालाचा ग्रिड ठोक्याला २४ भागांचा, आणि कापताना पडद्यावरून नजर काढायची. सॅम्पलसाठी जुन्या बाजारातून रविवारी एखाद-दुसरी तबकडी आणा किंवा स्वतः संबळ रेकॉर्ड करा, वेग वाढवून घ्या, खाली उतरवा. आरएक्स१२०० ची चाचणी आवृत्ती मिळाली तर तीही बसवा. महिन्यात निदान आठ बीट्स पूर्ण करा. चौथ्या-पाचव्या बीटला तुम्ही नियम मोडायला लागलात, मुद्दाम एक लांब लूप आत घेतलात, तर यंत्र घरी आल्यावरही हेच होईल, फरक इतकाच की तेव्हा पैसे गेलेले असतील. उलट नियमांत अडकूनही हात मोकळा चालला आणि आठपैकी तीन बीट्स तुम्हाला आधीच्या कामापेक्षा आवडले, तर मग यंत्र बघायला जा. माझी मदत लागली तर मी तपासायला सोबत येईन, त्याचे पैसे घेणार नाही.

महिनाभरात दुसऱ्या कुणी ते घेतलं तर? घेऊ द्या. एसपी-१२०० १९९८ पर्यंत बनत होता, हा शेवटचा नग नाही.

जायचं ठरलं तर सकाळची वेळ घ्या, निदान दोन तास हाताशी ठेवा. सोबत स्वतःचे हेडफोन, एक केबल, दोन स्वच्छ फ्लॉपी आणि ढोलकीचं एक रेकॉर्डिंग फोनमध्ये. आणि भेट गुरुवारी ठरवू नका, पुण्यात देखभालीसाठी वीज बऱ्याचदा त्याच दिवशी बंद ठेवतात. वीज गेली तर तासभराची तपासणी अर्ध्यावर राहील, आणि मेमरीत घेतलेलं सॅम्पलही जाईल.